क्षमा करणारं यंत्र

गाडीला पॉलिश करायचं म्हणजे गाडीवर काहीतरी लावायचं, अशी बहुतेकांची समजूत असते. बुटाला पॉलिश लावतात, लाकडाला लावतात, तसंच हेही. प्रत्यक्षात गाडीच्या बाबतीत उलट घडतं. मशीनच्या पॅडवर जे कंपाउंड घेतात त्यात बारीक, कठीण कण असतात आणि ते रंगाचा वरचा थर खरवडून काढतात. खरवडून झाल्यावर जो सपाट पृष्ठभाग उरतो, त्याला आपण चकाकी म्हणतो. एवढी एक गोष्ट नीट समजली की 'पहिलं पॉलिशर कोणतं घ्यावं?' हा नवशिक्याचा साधा खरेदीचा प्रश्न जरा वेगळा दिसायला लागतो. कारण मग प्रश्न असा होतो: जिथे प्रत्येक दुरुस्ती म्हणजे थोडी झीज आहे आणि झिजलेलं परत येणार नाही, तिथे न शिकलेल्या हाताने काय हातात घ्यावं?

आधी हिशेब मांडू. कारखान्यातून आलेल्या गाडीच्या पत्र्यावर रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाडी भरते. माणसाचा केस ५० ते १०० मायक्रॉनचा असतो. म्हणजे आपण ज्याला 'गाडीचा रंग' म्हणतो तो सगळा मिळून दोन-तीन केसांच्या जाडीचा कारभार आहे. त्यातही सर्वांत खाली गंज रोखणारा थर, त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. हा क्लिअर कोट ढोबळमानाने ४०-५० मायक्रॉनचा. चमक त्याची असते आणि उन्हातल्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाला वाचवण्याचं कामही तोच करतो. पॉलिशरचा सगळा खेळ या एवढ्या थरात चालतो. जोरकस कटिंग केलं तर काही मायक्रॉन जातात, हलक्या फिनिशिंगला एखादा किंवा त्याहून कमी. क्लिअर कोट फार पातळ झाला की आज काही दिसत नाही. काही उन्हाळ्यांनंतर तो जागोजाग पांढरट पडतो, पापुद्र्यासारखा सुटतो.

ओरखडा 'जातो' कसा, हेही बघण्यासारखं आहे. ओरखडा म्हणजे एक बारीक चर. पॉलिशिंगमध्ये आपण तो चर बुजवत नाही. आजूबाजूची सगळी जमीन खणून चराच्या तळापर्यंत खाली आणतो, म्हणजे चर उरत नाही. एका रेघेसाठी सगळं शेत खरवडण्याचाच हा प्रकार. पूर्वी गाड्यांवर क्लिअर कोट नसायचा, तेव्हा पॉलिश करताना पॅडला गाडीचा रंग लागायचा. लाल गाडी असेल तर पॅड लाल. किती गेलं ते निदान डोळ्यांना कळायचं. आता जातं ते पारदर्शक असतं. मोजायला पेंट गेज मिळतं, पण साधं गेज सगळ्या थरांची मिळून जाडी सांगतं. त्यातला क्लिअर कोट किती शिल्लक आहे ते सांगत नाही. खात्यात एकूण किती रक्कम आहे ते कळतं, पण त्यातली आपल्याला खर्च करता येण्याजोगी किती, ते कळत नाही.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे जवळपास प्रत्येक गोष्टीला परतीची वाट ठेवलेली असते. जुनी आवृत्ती सांभाळलेली असते, बॅकअप असतो, आणि लोकांपर्यंत जाण्याआधी बदल तपासून बघायला वेगळी जागा असते. माझ्या पिढीतल्या पुष्कळांचे हात अशाच जगात तयार झाले. कंट्रोल आणि झेड या दोन बटणांवर आमचा इतका विश्वास आहे की परतीची वाट नसलेल्या कामापुढे उभं राहिलं की काय करावं हे पटकन सुचत नाही. गाडीचं बॉनेट हे असं काम आहे.

आता यंत्रांकडे वळू. मुख्य प्रकार दोन. पहिलं रोटरी. त्यात पॅड एकाच अक्षाभोवती गरगर फिरतं, साधारण मिनिटाला ६०० ते ३००० फेऱ्या. ते ताकदवान असतं, काम झपाट्याने करतं, आणि आपल्याकडे गॅरेजमधल्या जुन्या कारागिरांच्या हातात वर्षानुवर्षं तेच आहे. पण सगळी घासाघीस एकाच दिशेने, एकाच जागी होत असल्यामुळे उष्णता साठते. हात एका जागी क्षणभर जास्त रेंगाळला, किंवा पॅड दरवाजाच्या धारेवर चढलं, तर रंग जळतो. धारेवर रंग मुळात पातळ असतो. बंपर प्लास्टिकचा असतो आणि प्लास्टिक उष्णता लवकर वाहून नेत नाही. बाकी काही बिघडलं नाही तरी नवख्या हाताखालून रोटरी गेल्यावर उन्हात तिच्या वाटेचे वळसे दिसतात. त्यांना 'होलोग्राम' म्हणतात.

दुसरा प्रकार ड्युअल ॲक्शन, म्हणजे डीए. यात पॅड स्वतःभोवती फिरतं आणि त्याच वेळी मध्यापासून थोडं सरकून छोटी छोटी वर्तुळंही काढतं. या वर्तुळाच्या मापाला 'थ्रो' म्हणतात. ८, १५, २१ मिलिमीटर अशी मापं बाजारात असतात. पण डीएची खरी गंमत तिच्या जोडणीत आहे. पॅडचं स्वतःभोवती फिरणं मोटरला घट्ट बांधलेलं नसतं. तुम्ही जास्त दाबलंत, किंवा पॅड वाकडं टेकवलंत, की ते फिरायचं थांबतं आणि नुसतं थरथरत राहतं. मशीन चालू असतं, पण रंग खाणं जवळपास थांबलेलं असतं. म्हणून नवशिक्यांना सांगतात की पॅडच्या मागच्या चकतीवर मार्करने एक रेघ मारून ठेवा. रेघ फिरताना दिसतेय तोवर दाब ठीक आहे; ती थांबली की हात हलका करा. (तिसराही एक प्रकार आहे. त्यात पॅड हलतं डीएसारखंच, पण त्याचं फिरणं गिअरने जबरदस्तीने चालू ठेवलेलं असतं. ते दाबाने थांबत नाही, त्यामुळे या गोष्टीत ते रोटरीच्या बाजूला बसतं.) आणि साधा अँगल ग्राइंडर, ज्यावर काही जण पॅड लावून पैसे वाचवू पाहतात, तो मिनिटाला दहा-अकरा हजार फेऱ्यांचा असतो. तो या यादीत धरूच नये.

म्हणजे खरेदीचं उत्तर सोपं आहे: पहिलं मशीन डीए. दगडापेक्षा वीट मऊ. जवळपास सगळे जाणकार हेच सांगतील. पण या उत्तराला एक जुना आणि दमदार आक्षेप आहे, आणि तो मला सहज झटकता येत नाही.

आक्षेप असा. जो हात कधी काही बिघडवूच शकत नाही, तो शिकतो कसा? रोटरीवर हात बसलेल्या कारागिराला पत्र्याची ऊब तळव्याला कळते, मशीनचा आवाज बदलला की धार जवळ आल्याचं कळतं. हे ज्ञान भीतीतून आलेलं आहे. डीएवाला दहा वर्षं डीएच चालवत राहील आणि दहा वर्षांनीही नवशिकाच असेल. थोडक्यात, क्षमा करणारं यंत्र माणसाला कायमचं लहान ठेवतं. हे फक्त पॉलिशरबद्दल नाही. गिअर नसलेल्या गाडीवर शिकलेल्याला ड्रायव्हर म्हणावं का, स्पेलिंग सुधारून देणाऱ्या फोनवर वाढलेल्याला शुद्धलेखन येईल का, आणि आता तर अर्धा कोड मशीनच लिहून देत असताना नवा इंजिनिअर इंजिनिअर होणार कसा, हे सगळे त्याच आक्षेपाचे भाऊबंद आहेत.

आपल्याकडे याच अर्थाने एक म्हण वापरतात: टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. पण ही म्हण दगडाच्या बाजूने बोलते. घाव घालणारा हात कोणाचा, तो किती शिकलेला, आणि तो तयार होईपर्यंत किती दगड फुटले, हे ती विचारत नाही. शिकणारा स्वतःच घाव सोसत असेल तर म्हण ठीक आहे. इथे शिकणारा वेगळा आणि सोसणारा वेगळा आहे.

ॲरिस्टॉटलने 'निकोमाखिअन एथिक्स'च्या दुसऱ्या भागात याच वळणाचा मुद्दा मांडला आहे. घरं बांधून माणूस गवंडी होतो, वाद्य वाजवून वादक होतो, तसाच न्यायाने वागून न्यायी होतो. कौशल्य आणि सद्गुण दोन्ही सरावाने येतात, असं त्याचं म्हणणं. आक्षेप घेणाऱ्याला हे फार आवडेल. पण ॲरिस्टॉटल लगेच पुढे हेही म्हणतो की चांगले वादक आणि वाईट वादक दोघंही वाजवूनच तयार होतात. म्हणजे नुसता सराव पुरत नाही, नुसती भीतीही पुरत नाही. हात कुठे चुकतोय हे हाताला वेळेवर कळावं लागतं.

इथे मला वाटतं की 'क्षमा' या शब्दाखाली आपण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतो. चुकीशी वागण्याचे यंत्रांचे (आणि माणसांचेही) तीन प्रकार असतात. एक प्रकार शिक्षा करतो: चूक झाली की नुकसान, आणि नुकसान दिसतं तेव्हाच चूक कळते. रोटरी अशी आहे. दुसरा प्रकार अडवतो आणि सांगतो: चूक होताक्षणी काम थांबतं आणि थांबलेलं दिसतं. चकतीवरची ती थांबलेली रेघ हेच सांगत असते. तिसरा प्रकार लपवतो. बाजारात अशी पॉलिशं मिळतात ज्यांच्यात तेल आणि भराव असतो. ओरखडे तसेच राहतात, पण भरले जातात. गाडी आरशासारखी दिसते आणि काही धुण्यांनंतर सगळं पुन्हा वर येतं. जुनी गाडी विकण्याआधी हे हमखास केलं जातं.

आक्षेप घेणारा दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकाराची गल्लत करतो. माणसाला लहान ठेवतो तो लपवणारा प्रकार. अडवून सांगणाऱ्याकडून शिकता येतं, आणि नुकसान न होता शिकता येतं. ज्यांनी कोड लिहिलाय त्यांना हे पटकन कळेल. कडक कंपायलर प्रोग्राम चालायच्या आधीच अडवतो आणि कोणत्या ओळीत काय चुकलं ते सांगतो. त्याने कोणी मूर्ख राहिल्याचं मी पाहिलेलं नाही. वैताग येतो तो वेगळा. फोन गुपचूप स्पेलिंग सुधारतो तेव्हा मात्र आपण काहीच शिकत नाही, कारण आपण चुकलो होतो हेच आपल्याला कळत नाही. चांगल्या शिक्षकाची परीक्षाही मी अशीच घेईन. तो मारतो का, थांबवतो का, की तुझं छानच आहे म्हणतो?

तरीही आक्षेपातला एक भाग खरा उरतो. काही कामं रोटरीशिवाय होत नाहीत, किंवा फार रखडतात. सँडपेपरच्या खुणा काढायच्या असतील, क्लिअर कोट फार कठीण असेल, तर रोटरी लागते. म्हणजे कोणाला तरी ती शिकावी लागणार. मग शिकायची कोणाच्या गाडीवर?

हा प्रश्न आपण फार कमी विचारतो, कारण त्याचं उत्तर ओशाळवाणं आहे. गॅरेजमध्ये नव्या पोराला पहिल्या दिवशी कोणाची गाडी देतात? मोठ्या साहेबांची नवी एसयूव्ही नक्कीच नाही. जुनी टॅक्सी देतात, कोणाची तरी तिसऱ्या हाताची हॅचबॅक देतात. 'तिला काय होतंय' म्हणून. वास्तविक जुन्या गाडीलाच जास्त होतं, कारण तिचा क्लिअर कोट आधीच कमी उरलेला असतो. वैद्यकशास्त्रातही हेच चालत आलं आहे. शिकाऊ डॉक्टरांचे हात सरकारी रुग्णालयांच्या जनरल वॉर्डात तयार होतात आणि तयार झालेले हात मग अनेकदा दुसरीकडे जातात. शिकण्याची किंमत असतेच. ती ज्याच्याकडे नाही म्हणण्याची सोय कमी, त्याच्या नावावर लिहिली जाते.

म्हणून मला डीएची निवड ही सोय किंवा भित्रेपणा वाटत नाही. मी शिकत असताना माझ्या शिकण्याची किंमत दुसऱ्या कोणाला, किंवा दुसऱ्या कोणाच्या वस्तूला, शक्य तितकी कमी पडावी, एवढंच तिचं म्हणणं आहे. आणि ज्याला रोटरी शिकायचीच आहे त्याच्यासाठी भंगारातलं बॉनेट आहे. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, किंवा कुठल्याही शहराच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात, ठोकर लागलेलं बॉनेट मिळतं. ते घोडीवर ठेवावं आणि मुद्दाम जाळावं. धार जाळावी, कोपरा जाळावा, आधी ऊब कशी वाढते ते हाताने बघावं. जिथे नुकसानाला अर्थच उरलेला नाही अशी जागा शोधणं, हे शिकणाऱ्याचं पहिलं नैतिक काम आहे असं मला वाटतं. ती जागा सापडत नसेल तर ज्याची वस्तू आहे त्याला 'मी शिकतोय' हे आधी सांगायला हवं.

इथवर यंत्राचं झालं. त्याच्या आधीचा एक प्रश्न राहिला: पॉलिश करायचंच कशाला?

नवशिका मशीन घेण्याआधी हमखास टॉर्च घेतो. रात्री पार्किंगमध्ये टॉर्च मारला की बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल गोल रेघांची नक्षी दिसते आणि माणूस हादरतो. पण ती गोलाई खरी नसते. ओरखडे सगळ्या दिशांनी, कसेही पसरलेले असतात. उजेडाकडे तोंड करणाऱ्या रेघा तेवढ्या चमकतात, म्हणून उजेडाभोवती वर्तुळं दिसतात. टॉर्च सरकवा, वर्तुळं त्याच्याबरोबर सरकतात. जॉर्ज एलियटने 'मिडलमार्च' या १८७१-७२ मधल्या कादंबरीत हीच गोष्ट मोलकरणीने पुसून पुसून ओरखडलेल्या आरशाबद्दल लिहिली आहे. मेणबत्ती जवळ धरली की सगळे ओरखडे जणू तिच्याभोवती रचलेले दिसतात. तिच्या मते माणसाचा अहंकार ही ती मेणबत्ती. एलियटचा रोख माणसं घटनांचा अर्थ आपल्याभोवती कसा लावतात याकडे होता. मला त्यातली मोलकरीणही दिसते. ओरखडे तिच्या हातचे आहेत, आणि ते पडले ते ती आरसा स्वच्छ ठेवत होती म्हणून.

आपल्या सोसायट्यांमध्ये त्या मोलकरणीच्या जागी गाडी पुसणारा माणूस असतो. पहाटे एक बादली, एक फडकं आणि पंधरा-वीस गाड्या. पहिल्या गाडीची धूळ विसाव्या गाडीवर घासली जाते. पॉलिशिंगचं थोडं वाचलं की हे कळतं आणि पहिला राग त्याच्यावर निघतो. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकदा बॉनेटचे टॉर्च मारून काढलेले फोटो पडले आणि दोन दिवसांत चर्चा 'काकांना बंद करू' इथवर आली. काकांना त्या वर्तुळांबद्दल कोणी काही बोललं नव्हतं. बोलून उपयोगही नव्हता, कारण दर गाडीमागे महिन्याला मिळणाऱ्या पैशांत आणि सात वाजायच्या आत वीस गाड्या उरकण्याच्या घाईत दुसरं काही शक्यच नव्हतं. जे ओरखडे टॉर्चशिवाय दिसत नाहीत, त्यांच्यासाठी एका माणसाचा पहाटेचा रोजगार जाणार होता. शेवटी दोघातिघांनी मिळून त्यांना मायक्रोफायबरचे गठ्ठे आणि आणखी एक बादली आणून दिली: एक साबणाची, एक फडकं खंगाळायची. आणि फार धूळ असेल त्या दिवशी कोरडं पुसू नका, राहू द्या तशीच, एवढं सांगितलं. काका म्हणाले, ''हे आधी कुणी सांगितलंच नाही.''

स्पर्शाने झीज होतेच. पंढरपूरला विठ्ठलाच्या पायांवर डोकं ठेवणाऱ्यांच्या रांगा शतकानुशतकं चालू आहेत आणि त्या पायांची झीज होते म्हणून मूर्तीला वज्रलेप करावा लागतो. तिथे कोणी भक्ताला दोष देत नाही. दर्शन बंद करा असंही सहसा कोणी म्हणत नाही. झीज होणार हे मान्य करून ती सावकाश व्हावी यासाठी काळजी घेतात. गाडीला देवाच्या ओळीत बसवायचं नाही, पण हा व्यवहार शिकण्यासारखा आहे. वापरायची वस्तू झिजणार, प्रेमाने पुसलेली तर नक्कीच. तिला पहिल्या दिवसासारखी ठेवण्याचा हट्ट धरून दर दिवाळीला कटिंग केलं, तर तो हट्टच तिला सगळ्यात लवकर संपवेल.

तेव्हा ज्याला अजून उत्तरच हवं आहे त्याच्यासाठी. पहिलं मशीन डीए घ्या. आपल्याकडच्या लहान, वळणदार गाड्यांना फार मोठं पॅड सोयीचं पडत नाही; पाच इंचांच्या आसपासचं बरं. धारांना मास्किंग टेप लावा. बॉनेटवर दोन फूट बाय दोन फुटांचा एक तुकडा निवडा आणि सगळ्यात मऊ पॅड, सगळ्यात सौम्य पॉलिश यांनी सुरुवात करा. तेवढ्याने समाधान होत असेल तर तिथेच थांबा. पुढची पायरी असते म्हणून चढू नका. नखाला अडकणारा ओरखडा पॉलिशने काढायच्या भानगडीत पडू नका, कारण त्याच्या तळाला पोचेपर्यंत खर्च करायला पुरेसा थर तुमच्याकडे नाही. तो राहू द्या. ही गाडी बहुधा तुमच्यानंतर कोणाकडे तरी जाईल, आणि तुम्ही न खरवडलेले मायक्रॉन त्याच्या कामी येतील. ते कोणी शिल्लक ठेवले हे त्याला कळणार नाही.